एकाच दिवसात दोन्ही नकोच

कुणीतरी लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी एकाच दिवसात उरकायचा बेत दिलाय. चालून होईल, बघून होणार नाही. दोन्हीकडे कायमचा संग्रह फुकट बघता येतो, मग पैसे वसूल करायची घाई कशाला? नॅशनल गॅलरी शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडी असते, ती संध्याकाळ ठेवा.

तिथलं जर्मन चित्रकार होल्बाइनचं 'द अँबॅसेडर्स' (१५३३) चुकवू नका. माणसाच्या उंचीहून थोडं मोठंच चित्र. दोन रुबाबदार पुरुष, मधल्या मांडणीवर खगोलाची उपकरणं, एक तार तुटलेलं ल्यूट (जुनं तंतुवाद्य), आणि पायाशी काहीतरी राखाडी, तिरकं फासल्यासारखं. उजव्या कडेला जाऊन तिरक्या नजरेनं बघा, त्याची कवटी होते! डावीकडे वर हिरव्या पडद्याआडून अर्धवट डोकावणारा क्रूसही शोधा. बहुतेक मंडळी समोरून फोटो मारून सटकतात.

ब्रिटिश म्युझियमात रोझेटा शिळेपुढच्या (इजिप्तची चित्रलिपी जिच्यामुळे उलगडली ती) गर्दीत फार ताटकळू नका, आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पं निवांत बघा. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ मात्र तिथे नाही हो, तो लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये.