गटाचं बोलणं व्हॉट्सॲपवरून स्वतःच्या सर्व्हरवर न्यावं का?

संत्रानगरी_लिनक्स
आमचा नागपुरातल्या माहिती अधिकारवाल्यांचा गट आहे. रस्ते, नाल्या, निविदा यांच्या मागे लागणारे लोक. सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर चालतं. माझं म्हणणं, ते मॅट्रिक्स या खुल्या मेसेजिंग प्रणालीवर न्यावं. तिथे एकच कंपनी, एकच सर्व्हर असा प्रकार नाही. ज्याला हवा त्याने स्वतःचा सर्व्हर चालवावा. धरमपेठेतला सर्व्हर मानेवाड्यातल्या सर्व्हरशी बोलतो, ईमेल जातो तसंच. वापरायचं ॲप एलिमेंट. फ्रान्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांचं मेसेजिंग ॲप चाप आणि जर्मन सैन्याचा मेसेंजर याच पायावर उभे आहेत.

व्हॉट्सॲपचा मजकूर २०१६ पासून एनक्रिप्टेड आहे, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येत नाही, मान्य. पण कोण कोणाशी, कधी, कुठल्या नंबरवरून बोललं याची नोंद एकाच कंपनीकडे जमते. ती मागणाऱ्याला एकच दार ठोठावावं लागतं. २०२१ च्या आयटी नियमांत मोठ्या मेसेजिंग सेवांनी संदेश मुळात कोणी पाठवला ते शोधून द्यावं असं आहे, त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये संचार साथी हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाका असा आदेश निघाला, ओरड झाल्यावर डिसेंबरच्या सुरुवातीला मागे घेतला. आपल्या शहरात चौकाचौकात कॅमेरे आहेतच, वर पोलिसांसाठी एआयचं काम करणारी सरकारी कंपनी 'मार्वल' २०२४ पासून नागपुरातच. आपण चोर नाही. ज्याच्या निविदेची फाइल मागतो त्याच्या हाती आपली यादी लागू नये, एवढंच.

महालवाला
भाऊ, १७ मार्च २०२५ ले आमच्या इकडे दंगलीत गाड्या जळून राहिल्या होत्या अन् फोनवर अफवा येऊन राहिल्या होत्या. मग सायबर पोलिसांनी भडकाऊ पोस्टवाले शोधले, ते खाती सापडली म्हणून. प्रत्येकजण आपला सर्व्हर घेऊन बसला तं अफवावाल्याले पकडाल कुठून? अन् माहिती अधिकाराच्या अर्जावर तुमचं नाव-पत्ता असतेच न. यादी तं त्याइच्याकडे आधीच आहे, लपवता काहून?

संत्रानगरी_लिनक्स
त्या पोस्टी उघड सोशल मीडियावर होत्या. उघड्यावर बोलणाऱ्याला धरायला कोणाचं खासगी बोलणं फोडावं लागत नाही.

दुसरं, अर्ज एकाच्या नावाने जातो. मागे बसून मुद्दे कोण काढतं, कार्यालयातला कोणता बाबू कुठल्या फाइलकडे बोट दाखवतो, हे अर्जावर नसतं. जपायचं ते हे.

कोर्टाच्या_पायरीवर
सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, त्यामुळे हेतूबद्दल माझी तक्रार नाही. मार्गाबद्दल आहे.

आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली, संगणक ज्याच्या ताब्यात त्यालाच माहिती उघड करण्याचा आदेश देता येतो. सहकार्य केलं नाही तर सात वर्षांपर्यंत कैद. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे २०२२ चे निर्देश शब्दशः वाचले तर १८० दिवसांचे लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, ठेवणंही तुमच्यावर येतं. कंपनीकडे वकिलांची फौज आहे. तुमच्याकडे मी, तोही फुकटात. शिवाय मे २०२३ मध्ये केंद्राने जम्मू-काश्मीरमधल्या अतिरेक्यांच्या वापराचं कारण देऊन १४ ॲप बंद केली, त्यात तुमचं एलिमेंट होतं, ब्रायरही होतं. ब्रायरला तर मधला सर्व्हरच लागत नाही.

आणि २०१९ चं पेगासस, फोनमध्ये शिरणारं हेरगिरीचं सॉफ्टवेअर, आठवा. व्हॉट्सॲपने ज्यांना सावध केलं त्यांत आपल्या नागपूरचे एक वकीलही होते. तिथे फोनच पोखरला गेला. फोन दुसऱ्याच्या हाती गेल्यावर सर्व्हर कॅलिफोर्नियात असो की खामल्यात, काय फरक पडतो?

संत्रानगरी_लिनक्स
पेगासस महागडं हत्यार आहे, ते निवडक लोकांवर वापरतात. मी बोलतो आहे ते घाऊक नोंदीबद्दल. एकाचा फोन फोडायला खर्च येतो, सगळ्यांची यादी एका पत्रावर मिळते.

पेन्शनर_प्रतापनगर
मला साधं सांग रे, हा सर्व्हर राहणार कोणाच्या घरी? परदेशातल्या कंपनीला मी रात्री अकराला कोणाशी बोलते याच्याशी काही देणंघेणं नाही. आपल्या गल्लीतल्या पोराला असतं. नोकरीची चाळीस वर्षं मी हेच पाहिलं, साहेबांपर्यंत गोष्ट पोचते ती शेजारच्या टेबलावरून.

संत्रानगरी_लिनक्स
काकू, मजकूर सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येत नाही. कोण कुठल्या खोलीत (म्हणजे ग्रुपमध्ये) आहे आणि कधी बोललं, ते दिसतं. म्हणून तर एक नको, तीन-चार सर्व्हर हवेत.

मिहानची_नाइट_शिफ्ट
उलट होते भाऊ. मॅट्रिक्समध्ये एका खोलीत जितक्या सर्व्हरांचे लोक, तितक्या सर्व्हरांवर त्या खोलीची प्रत. कंपनीकडे एका जागी असलेली नोंद तुम्ही चार घरांत वाटून राहिले. काकूंचा प्रश्न चौपट झाला.

सर्व्हर चालवणं माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून सांगतो. मे महिन्यात ४५ अंशांत घरातली मशीन, लाइट गेली की बंद, बॅकअप कोण घेणार, अपडेट कोण टाकणार? पहिले दोन महिने उत्साह असतो. मग जुन्या आवृत्तीतलं भोक तसंच उघडं राहते. सिग्नल हे मेसेजिंग ॲप वापरा. २०२१ मध्ये अमेरिकेत सरकारी वकिलांनी माहिती मागितली तेव्हा त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. नोंद वाटण्यापेक्षा ती न ठेवणं बरं.

संत्रानगरी_लिनक्स
सिग्नल चांगलंच आहे. पण २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनचं क्लाउड कोलमडलं तेव्हा तेही अडखळलं. खातं उघडायला फोन नंबर लागतो, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार खात्याने अशी ॲप सिमशीच बांधा, म्हणजे ते सिम फोनमध्ये असेल तरच चालू द्या, असा निर्देश दिला, त्यात सिग्नलही आलं. एक कंपनी असली की आदेश पाठवायला पत्ता असतो. माझा आक्षेप त्या एका पत्त्यालाच आहे.

महालवाला
मग तुमच्या सर्व्हरले पत्ता नसते काय बाप्पा? वकीलसाहेब तं तेच सांगून राहिले.

पेन्शनर_प्रतापनगर
आणि तो फाइल दाखवणारा बाबू तुमचं ॲप टाकणार आहे का? माझ्या ओळखीचा आहे तो सिव्हिल लाइन्सला चहाला येतो आणि फोन टेबलाच्या खणात ठेवून येतो.

संत्रानगरी_लिनक्स
त्याने नाही टाकलं तरी चालेल काकू. तो काय म्हणाला हे आपण नंतर आपसात लिहितो ना, प्रश्न तिथला आहे.

मिहानची_नाइट_शिफ्ट
बरं, चाचणी म्हणून महिनाभर मी चालवतो. एकच सर्व्हर, फेडरेशन (दुसऱ्या सर्व्हरांशी जोडणी) बंद, सगळ्यांना टोपणनावं. नोंदी किती दिवसांनी पुसायच्या ते गटाने मला लिहून द्यावं.

महालवाला
आठ दिवसांत पुसा.

कोर्टाच्या_पायरीवर
१८० दिवस. वर लिहिलं आहे, वाचत जा.