क्लॅट आणि सीईटी लॉ (५ वर्षे): एकाच अभ्यासात दोन्ही होतात का?

विक्रोळी_पूर्व

नमस्कार मंडळी. मी बारावी कॉमर्सला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. डिसेंबरमध्ये क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) आणि बोर्डानंतर एमएच सीईटी लॉ (राज्यातल्या लॉ कॉलेजांची), अशा दोन्ही द्यायच्या आहेत. पहिली पसंती मुंबईचं एमएनएलयू (महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ), ते नाही झालं तर चर्चगेटचं जीएलसी (गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज). क्लास लावणं जमणार नाही.

क्लॅटचा जुना पेपर घड्याळ लावून सोडवला की ८०-८५ प्रश्नांवर वेळ संपतो आणि शेवटी ठेवलेल्या गणिताला हातच लागत नाही. शंका असलेले प्रश्न निगेटिव्हच्या (चुकीला गुण कापले जाण्याच्या) भीतीने सोडून देते. "एकाच अभ्यासात दोन्ही निघतात" असं कॉलेजात सगळे म्हणतात. खरंय का? आणि आत्ता जूनमध्ये सुरुवात नेमकी कुठून करू?

तळटीप

अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच मुलं अडकतात.

वरवर दोन्ही पेपर जुळे वाटतात: १२० प्रश्न, १२० गुण, २ तास. पण क्लॅट कागदावर, सगळी उताऱ्यांवर, फक्त इंग्रजीत, आणि चुकीला ०.२५ वजा. सीईटी संगणकावर, बरेचसे प्रश्न सुटे, मराठीतूनही देता येते आणि निगेटिव्ह नाही. सीईटीचा पेपर २०२५ पासून १५० वरून १२० वर आला: लीगल ३२, लॉजिकल ३२, जीके २४, इंग्रजी २४, गणित ८. बाजारातली बरीच गाइडं अजून १५० चाच हिशेब धरून बसली आहेत, घेताना बघून घे.

सगळ्यात मोठा फरक लीगलमध्ये. क्लॅटच्या उताऱ्यात समजा नियम दिला की सोळा वर्षांवरच्या मुलाने शिक्षणासाठी केलेला करार त्याच्यावर बंधनकारक आहे. मग उत्तर त्याच नियमाने द्यायचं. खरा कायदा काय म्हणतो ते चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवायचं. सीईटीत मात्र थेट विचारतील, अल्पवयीनाचा करार कसा असतो? तिथे 'मुळातच शून्य' आणि त्यासोबत मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, १९०३, हे तोंडपाठ हवं. विषय एक, अभ्यास दोन. म्हणून डिसेंबरपर्यंत क्लॅटची पद्धत, आणि पाठांतराचा लीगल बोर्डाची परीक्षा आटपल्यावर. उलट केलंस तर पाठ केलेला कायदा क्लॅटच्या उताऱ्यात मध्येमध्ये येऊन उत्तरं बिघडवतो.

आता तुझे ८०-८५ प्रश्न. हा अभ्यासाचा नाही, वाचनाच्या वेगाचा प्रश्न आहे. पेपरात साधारण २२ लांब उतारे धर, एकेक ४५० शब्दांपर्यंत, म्हणजे जवळपास १०,००० शब्द. मिनिटाला २०० शब्दांचा वेग असेल तर नुसत्या उताऱ्यांना ५० मिनिटं जातात आणि प्रश्नांना ७० उरतात. वेग १३० असेल तर उताऱ्यांतच ७७ मिनिटं खर्च, उरली ४३. एवढ्यात १२० प्रश्न कुणाकडूनच होत नाहीत. तेव्हा आज एक काम कर: इंग्रजी संपादकीय घे, साधारण ४५० शब्द मोज, घड्याळ लावून वाच. तीन मिनिटांच्या वर जात असशील तर पहिले दोन महिने मॉकच्या (सराव परीक्षांच्या) मागे लागू नकोस, वाचन कर.

उलटतपासणी

वर बरोबर सांगितलंय. लीगलचं एक उदाहरण देतो, कारण गुण इथेच सांडतात.

नियम: माहीत असलेला धोका स्वेच्छेने पत्करला तर त्याची भरपाई मागता येत नाही. प्रसंग एक: शिवाजी पार्कवर सीमारेषेजवळ उभं राहून मॅच बघणाऱ्याला षटकाराचा चेंडू लागला. भरपाई नाही. प्रसंग दोन: त्याच माणसाच्या अंगावर नीट न बांधलेला साइटस्क्रीन कोसळला. इथे भरपाई मिळते, कारण त्याने पत्करला होता तो चेंडूचा धोका, ढिल्या दोरीचा नाही. 'मॅचला आला म्हणजे सगळंच मान्य केलं' हा पर्याय हमखास दिलेला असतो आणि घाईत उत्तरपत्रिकेत त्यावरच गोळा होतो. दुसरा सापळा म्हणजे 'आयोजकांनी विमा काढला असणार' छापाचा पर्याय. विमा उताऱ्यात नाही ना? मग तो पर्याय बाद.

उतारा वाचताना पेन्सिल हातात ठेव आणि फक्त अट घालणारे शब्द अधोरेखित कर: अनलेस, ओन्ली इफ, प्रोव्हायडेड दॅट, नॉटविथस्टँडिंग. अर्धे प्रश्न या शब्दांभोवतीच फिरतात. 'कोणती गोष्ट वेगळी असती तर निकाल बदलला असता' या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी तिथेच सापडतं.

निगेटिव्हची भीती मात्र काढून टाक. हिशेब मांडून बघ. १६ प्रश्नांवर डोळे मिटून गोळे केले तर सरासरी ४ बरोबर, १२ चूक: अधिक ४, वजा ३. तरीही १ गुण हातात. चारातले दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर त्याच १६ प्रश्नांत सरासरी ८ बरोबर, ८ चूक: अधिक ८, वजा २, म्हणजे ६ गुण. दोन पर्याय उडाल्यावरही प्रश्न कोरा सोडणं हे सरळ नुकसान आहे. खरा तोटा होतो तो एकाच प्रश्नावर तीन मिनिटं बसल्याने.

विक्रोळी_पूर्व

बापरे, हा हिशेब कधी मांडलाच नव्हता. वाचून बघितलं, ४५० शब्दांना सव्वातीन ते साडेतीन मिनिटं लागतात. प्रत्येक वाक्य मनात मराठीत आणल्याशिवाय कळल्यासारखं वाटत नाही. आणि पेपरात क्रम कुठला ठेवू?

तळटीप

मराठी माध्यमातून आलेल्यांचं दुखणं हेच, आणि ते जातं. वाक्यावाक्याचं भाषांतर थांबवायचं आणि परिच्छेदाचा सारांश धरायचा. परिच्छेद एका दमात वाच, मग वर न बघता समासात सात-आठ शब्दांत मराठीत लिही: लेखकाचं म्हणणं काय. अडलेल्या शब्दाखाली टिंब दे आणि पुढे जा. डिक्शनरी लेख संपल्यावर उघडायची. असे रोज तीन लेख कर: एक अर्थकारण, एक न्यायालय-राज्यघटना, एक कुठलाही रूक्ष विषय. रूक्ष विषय टाळू नकोस, पेपरात तोच येतो.

विषय अगदीच अनोळखी असेल तर आधी लोकसत्तातलं 'विश्लेषण' मराठीत वाच, मग त्याच विषयावर इंडियन एक्सप्रेसचं 'एक्सप्लेन्ड' किंवा हिंदूतला लेख. संदर्भ माहीत असला की वेग आपोआप वाढतो, शिवाय जीकेची नोंदही तिथेच होते. मात्र दोन-तीन महिन्यांत मराठीची ही पायरी सोडता आली पाहिजे.

क्रमाबद्दल: जीके आधी. क्लॅटच्या जीकेत उतारा बहुतेक शोभेचा असतो, उत्तर त्यात नसतं. तुला ठाऊक असेल तर आहे, नसेल तर नाही. २८ ते ३२ प्रश्न १६ मिनिटांत उरकतात. मग लीगल ३६ मिनिटं, त्यानंतर गणित १३, इंग्रजी २४, लॉजिकल २८. झाली ११७. गणित मध्ये टाकलं, कारण ते फक्त १० ते १४ प्रश्न, दहावीच्या पातळीचं: शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, तक्त्यावरून हिशेब. कॉमर्सच्या मुलीने ते शेवटी ठेवून कोरं सोडणं म्हणजे हातचं घालवणं.

जुनापेपरवाला

क्रमाशी सहमत, पण लॉजिकलचा वेगळा इशारा दिला पाहिजे. नाव एकच असलं तरी क्लॅटमध्ये युक्तिवाद असतो: लेखकाने काय गृहीत धरलंय, कशाने त्याचं म्हणणं बळकट होईल, कशाने पडेल. सीईटीत अंकमालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, दिशा. दुसऱ्या प्रकाराला महिनाभराचा रोजचा सराव पुरतो, तो मार्चनंतर कर.

जुन्या पेपरांचीही अशीच विभागणी कर. क्लॅटसाठी २०२० पासूनचेच पेपर बघ, उताऱ्यांचा नमुना तेव्हापासून आहे. क्लॅट घेणाऱ्या कन्सॉर्शियमच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात. त्याआधीचे २०० प्रश्नांचे पेपर सगळे 'जुना पॅटर्न' म्हणून टाकून देतात, पण त्यातलं सुटं जीके आणि लीगल सीईटीला फार उपयोगी पडतं. फक्त त्यातले कायदे जुने आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे: खुनाची शिक्षा ३०२ नव्हे, कलम १०३, फसवणूक ४२० नव्हे, ३१८. राज्यघटनेत ४२वी दुरुस्ती १९७६, ४४वी १९७८, मूलभूत कर्तव्यं आधी दहा, अकरावं ८६व्या दुरुस्तीने २००२ मध्ये, केशवानंद भारती खटला १९७३. या जातीच्या प्रश्नांची एक वही पुरे.

मॉक सप्टेंबरपर्यंत आठवड्याला एक, पुढे दोन. त्याहून जास्त देण्यात अर्थ नाही, कारण दोन तासांच्या मॉकचं विश्लेषण तीन तास खातं. प्रत्येक चुकीसमोर कारण लिही: उतारा चुकीचा वाचला, नियम कळला पण लावता आला नाही, माहितीच नव्हती, की दोन पर्यायांत घाई केली. पहिल्याचा इलाज वाचन, तिसऱ्याचा जीके. शेवटच्यासाठी एकच सवय: चूक पर्याय का चूक हे सांगता आल्याशिवाय गोळा करायचा नाही.

उलटतपासणी

मॉक मोबाइलवर देऊ नकोस. झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट प्रिंट आणि ओएमआर शीट (गोळे भरायची उत्तरपत्रिका) काढून घे आणि दुपारी २ ते ४ मध्येच बस, खरा पेपर त्याच वेळी असतो. एका गोळ्याला चार सेकंद म्हटले तरी १२० चे ८ मिनिटं होतात. स्क्रीनवर टिचकी मारणाऱ्यांच्या हिशेबात ती नसतात. सगळे गोळे शेवटी करायचे नाहीत. एक उतारा संपला की त्याचे चार-सहा गोळे लगेच. उतारा सोडलास तर शीटवर किती क्रमांक ओलांडायचे ते पुस्तिकेत मोठ्याने गिरवून ठेव. एक ओळ घसरली की पुढचं सगळं घसरतं आणि बॉलपेन खोडता येत नाही.

आणि क्लॅट रविवारी असते, म्हणजे मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉकची शक्यता. हॉल तिकीट आलं की केंद्र कुठल्या लाइनवर आहे ते बघ, शनिवारी ब्लॉकचं वेळापत्रक बघ आणि ब्लॉक सुरू व्हायच्या आत ठाणं ओलांडायचं असेल तर सकाळीच निघ.

विक्रोळी_पूर्व

मेगाब्लॉक डोक्यातच नव्हता 😅 कागदपत्रांचं आत्ताच काही करायला हवं का? ओबीसीत आहे. आणि दिल्लीचं एनएलयू क्लॅटमधून मिळतं का?

जुनापेपरवाला

दिल्लीला क्लॅट चालत नाही, त्यांची स्वतंत्र एआयएलईटी असते, तीही डिसेंबरातच. १५० प्रश्न, त्यातले ७० लॉजिकलचे. वेगळा अर्ज, वेगळी फी. क्लॅटच्या तयारीवर देता येते, पण त्यासाठी वेगळा महिना मोडू नकोस.

कागदपत्रं आत्ताच. डोमिसाइल 'आपले सरकार' वरून काढ. सीईटीच्या प्रवेशफेरीला ते लागतंच, आणि एमएनएलयूच्या राज्यातल्या मुलांसाठीच्या राखीव जागांनाही. जातवैधता सगळ्यात रेंगाळते. त्या अर्जाला कॉलेजची शिफारस जोडावी लागते, म्हणून बारावीत असतानाच ऑफिसमधून सही-शिक्का घे. वडिलांकडच्या नातेवाइकाची वैधता आधी झालेली असेल तर तिची प्रत जोड, काम हलकं होतं. नॉन-क्रीमीलेअर मात्र घाईने काढू नकोस: प्रवेश ज्या शैक्षणिक वर्षाचा, त्या वर्षाच्या शेवटच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध हवं. एकाच वर्षाच्या उत्पन्नावर फेब्रुवारीत काढलेलं त्याच मार्चअखेर संपतं, आणि पडताळणीच्या दिवशी ओपनमधून फॉर्म भरायची वेळ येते. एप्रिल उजाडला की अर्ज कर. दाखल्यांवरचं नाव मार्कशीटशी अक्षरन् अक्षर जुळतंय का तेवढं आजच बघ. आईचं नाव किंवा आडनावाचं स्पेलिंग वेगळं निघालं तर दुरुस्तीला वेळ लागतो.