मदत हवी आहे: मेथोट्रेक्सेट चालू असताना फ्लूची लस

आईला (वय 61) ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते तो संधिवात) आहे, अँटी-सीसीपी (या आजाराची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह. त्यासाठी मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी) 15 मिग्रॅ, आठवड्यातून एकदाच, दर रविवारी. सोमवारी फॉलिक ॲसिड. स्टेरॉइड बंद, लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल. सकाळी बोटं आखडणं आता दहा मिनिटांवर आलंय, त्यामुळे गोळीत काही बदल करायची भीतीच वाटते.

फ्लूची लस घ्यायची आहे; इंजेक्शनची, नाकात मारायची जिवंत विषाणूची नाही. या गोळीने लसीला प्रतिसाद कमी मिळतो आणि लसीनंतर दोन आठवडे गोळी थांबवली तर अँटिबॉडी जास्त तयार होतात, असं वाचलं. फॅमिली डॉक्टर म्हणाले, संधिवाततज्ज्ञांना विचारा; त्यांची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात. तोवर स्वतःहून काही बंद करणार नाही. (काढे कृपया सुचवू नका.)

तज्ज्ञांच्या सल्ल्याने ज्यांनी असे दोन डोस वगळले, त्यांचे सांधे पुन्हा सुजले का?