मदत हवी आहे: बारावीनंतर गेम डेव्हलपमेंटसाठी कुठला रस्ता?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे, मानेवाड्याला राहतो. मुलगा बारावी सायन्सला आहे, त्याला व्हिडिओ गेम बनवायचे आहेत. नुसता खेळत नाही, गोडो हे गेम बनवायचं फुकटचं सॉफ्टवेअर (गेम इंजिन) शिकून त्याने स्वतः एक गेम केलाय: बर्डीच्या गर्दीतून संत्र्यांची हातगाडी काढायची. वळणावर गाडी कलली की संत्री घरंगळतात. तेवढंच नीट जमवायला त्याला तीन आठवडे लागले. रात्री एकला उठून पाहिलं तर हा वहीवर कोन काढत बसलेला! तेव्हापासून मी हे मनावर घेतलं आहे.

इथल्या ट्रिपल आयटीत कॉम्प्युटर सायन्सबरोबर गेमिंग टेक्नॉलॉजीची शाखा आहे, पण त्यासाठी जेईई मेन चांगली जायला हवी. नाही जमलं तर सीईटी देऊन साधं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करावं आणि युनिटी या गेम इंजिनसाठी सी शार्प, अनरियल या दुसऱ्या इंजिनसाठी सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषा घरी शिकाव्यात, की सरळ डिझाइनकडे वळावं? एका खाजगी क्लासने अडीच लाख फी सांगितली, पण विद्यार्थ्यांनी केलेला एकही गेम दाखवला नाही. तिथे मन धजत नाही.

या क्षेत्रात कोणी असेल तर कृपया सांगा: नोकरी देताना डिग्री पाहतात की केलेलं काम?