युक्रेनला नाटोत घ्यायचं की नाही?

सरळरेषा:
काल इथे कुणीतरी लिहिलं की युक्रेन गपगुमान तटस्थ राहिला असता तर युद्धच झालं नसतं. डोकं फिरलं वाचून, म्हणून वेगळा धागा. अहो, २०१० मध्ये त्यांनी कायदा करून अलिप्तता स्वीकारली होती आणि तो कायदा लागू असतानाच २०१४ ला क्रिमिया रशियाने गिळला. अजून किती तटस्थ राहायचं? फिनलंड २०२३ ला आत गेला, रशियाशी १,३४० किमी सीमा आहे, रणगाडे आले का तिकडे?

काठावरून:
फिनलंडमध्ये तेव्हा युद्ध चालू नव्हतं, हे बरोब्बर गाळलंत. लढाई चालू असलेला देश घेतला की नाटोचं कलम ५ (एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला) पहिल्याच दिवशी गळ्यात, म्हणजे अण्वस्त्रवाल्या रशियाशी ३२ देशांनी भिडायचं. खरी घोडचूक २००८ च्या बुखारेस्ट परिषदेची. युक्रेन आणि जॉर्जियाला सदस्य करू म्हणाले, पण तारीख नाही की संरक्षण नाही. चार महिन्यांत जॉर्जियात युद्ध.

रोखठोक:
मूळ मुद्दा १९९४ चा, बुडापेस्टचा! युक्रेनने सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं देऊन टाकली आणि बदल्यात काय, तर तुमच्या सीमांचा आदर करू असा सह्यांचा कागद. सही करणाऱ्यात रशियाच होता.

काठावरून:
त्या अण्वस्त्रांचे कोड मॉस्कोकडे होते. ठेवून काय करणार होते?

रोखठोक:
क्षेपणास्त्रांचा कारखाना त्यांच्याच द्नीप्रोत होता, माणसं त्यांची, काहीतरी मार्ग काढलाच असता. काहीही बोलू नका.

काठावरून:
आणि पैसा? देश तेव्हा महागाईने कोलमडला होता. आधी वाचा, मग ओरडा.

शांतामावशी:
भांडा तुम्ही. माझा भाचा खारकीवला मेडिकलला होता, २०२२ च्या फेब्रुवारीत मेट्रो स्टेशनच्या फरशीवर झोपत होता, फोन लागला की वरून धडाधड आवाज यायचे. त्याच्यासोबतची तिथली मुलं अजून तिथेच आहेत. त्यांना कुणीतरी आत घ्या एवढंच मला कळतं.

सरळरेषा:
मावशी, अगदी खरं. आणि काठावरून, पश्चिम जर्मनीला १९५५ ला घेतलं तेव्हा पूर्वेत सोव्हिएत फौजा बसल्याच होत्या की.

काठावरून:
बरं, जर्मनीचं मान्य. पण तिथे गोळीबार थांबून दहा वर्षं झाली होती. युद्ध थांबू दे, मग कीवच्या ताब्यातला भाग घ्या, माझी हरकत नाही. आज नाही.

सरळरेषा:
युद्ध थांबल्यावर घेऊ म्हटलं की पुतिन ते थांबवेलच कशाला? तुम्ही नकाराधिकार त्याच्याच हातात देताय.

रोखठोक:
अण्वस्त्रांवर बोला आधी.