मदत हवी आहे: गाडीचं काम करायला जागा (तातडीचं)

रिकामा_पाना:
नमस्कार मंडळी. जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. घरी गॅरेज नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन रविवार ग्राइंडर चालवला तर कमिटीचं पत्र आलं, महिनाअखेरीपर्यंत गाडी हलवा. चार-सहा महिन्यांसाठी छप्पर आणि लाइट असलेली जागा हवी. काम मी स्वतः करणार, त्यामुळे "मेकॅनिककडे द्या" हे कृपया कोणी सांगू नये. लवकर कळवा.

कडूनिंब:
गाव कुठलं ते तरी सांगा. आमच्या परभणीत जागाच जागा आहे.

आज्जीचा_डबा:
आणि गाडी कुठली?

रिकामा_पाना:
पुणे, अर्थातच. फियाट आहे.

कडूनिंब:
फियाट म्हणजे पद्मिनी, उनो की पालिओ? तुमच्याकडून एकेक शब्द पान्याने सोडवून घ्यावा लागतोय.

रिकामा_पाना:
प्रीमियर पद्मिनी, ८६ची, वडिलांची. पण याचा जागेशी काय संबंध? मला फक्त जागा हवी आहे.

गंजलेला_बोल्ट:
संबंध आहे. पद्मिनीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार घेते. तळाचा पत्रा गेला असेल तर वेल्डिंग आलं, आणि त्याला सपाट कोबा लागतो. मी मुरमाच्या अंगणात गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवली, एका बाजूचा घोडा बोटभर रुतला, आणि त्याच अवस्थेत दाराखालचा पत्रा कापून नवा जोडला. बॉडी वाकडी ती वाकडीच राहिली. ड्रायव्हरचं दार आजही खांद्याने लोटून लावतो. तर सांगा: तळाला टोचा मारून पाहिलात का? टाकी उतरवली आहे का? गाडी ढकलली जाते का?

रिकामा_पाना:
टोचा मारायची वेळच आली नाही. ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली तर पार्किंगची फरशी दिसली. टाकी अजून गाडीतच आहे.

गंजलेला_बोल्ट:
मग आधी टाकी उतरवा. रिकामी असली तरी. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि भडका वाफेचाच उडतो. ग्राइंडरच्या ठिणग्या पार्किंगमध्ये उडवल्यात म्हणजे कमिटीचं फार चुकलं असं मला वाटत नाही.

स्पष्टवक्ता_६१:
कशाला एवढा उपद्व्याप? माझ्या ओळखीचा डेंटर आहे, पत्रा ठोकून वर लांबी (भराईची पुट्टी) मारून देतो, आठ दिवसांत गाडी चकाचक. मेकॅनिककडेच द्या.

गंजलेला_बोल्ट:
काका, भोकावर लांबी? पहिल्या पावसात फुगून हातात येईल. आणि हा पायाखालचा पत्रा आहे, मडगार्डचा पोचा नाही.

स्पष्टवक्ता_६१:
मी पस्तीस वर्षं गाड्या वापरतोय. आम्हाला शिकवू नका.

म्युनिकची_मावशी:
इकडे जर्मनीत 'मीटवेर्कश्टाट' असतात. तासाच्या भाड्यावर लिफ्ट, कंप्रेसर, हत्यारं सगळं मिळतं. शनिवारी जायचं, काम करायचं, हात धुऊन घरी. आपल्याकडे कोणी का सुरू करत नाही?

कडूनिंब:
मावशी, छान. पण तळ कापलेली पद्मिनी संध्याकाळी घरी कशी नेणार? आधी यांना पुण्यात जागा बघू द्या.

फॅब्रिकेशनवाला:
माझी नऱ्ह्याला छोटी शेड आहे (भरलेली आहे, विचारू नका). एका गाडीसाठी अख्खी शेड घेऊ नका, डिपॉझिटमध्येच मोडाल. फॅब्रिकेटरच्या शेडमधला कोपरा मागा. थ्री फेज, वेल्डिंग सगळं आयतं. तोटे दोन. लोखंडाची भुकटी सगळीकडे बसते, त्यामुळे रंगकाम तिथे नको. आणि तुमचे पाने तुमचे राहत नाहीत. माझ्याकडे एकाने असाच कोपरा घेतला होता, त्याचा तेराचा पाना आमची पोरं अजून वापरतात.
जागा बघताना गाडीचं माप घेऊन जाऊ नका. पद्मिनी चार मीटरच्या आतच आहे, पण दारं, बॉनेट, डिकी, सीटा उतरवल्या की तिप्पट जागा खाते.

आज्जीचा_डबा:
आमच्या यांनी कार्बोरेटर, डायनॅमो आणि ब्रेकचे सिलिंडर घरच्या गॅलरीत केले होते. तेवढ्या कामाला शेड कशाला? फक्त पेट्रोलमध्ये भिजवलेली जाळी माझ्या पोळपाटावर ठेवली होती, त्यावरून झालेलं रामायण वेगळं.

हायवे_हवालदार:
कागदपत्रं जिवंत आहेत का? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) लागतं. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० झाली होती, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केली. वर ग्रीन टॅक्स.

स्पष्टवक्ता_६१:
त्यापेक्षा व्हिंटेज नंबर घ्या.

हायवे_हवालदार:
त्याला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. ही ८६ची आहे. वाचता ना काका?

डिझेल_दादा:
इंजिन १०८९ सीसीचंच आहे ना? काढून टाका. पद्मिनीच्याच डिझेल मॉडेलचं, १३७डीचं इंजिन बसवा, आयुष्यभर बघायला नको.

रिकामा_पाना:
दादा, इंजिनाबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. ते चांगलं आहे. जागा!!

कडूनिंब:
आमच्याकडेही होती, पांढरी. स्टिअरिंगजवळचा गिअर, पुढे सलग सीट, त्यावर आई-बाबा आणि मधे मी. दुसरा टाकताना बाबांचा हात माझ्या गुडघ्याला लागायचा. महाबळेश्वरला जाताना पसरणी घाटात रेडिएटर उकळायचा, मग बॉनेट उघडून सगळे वाईकडे बघत उभे.

आज्जीचा_डबा:
पसरणीत कोणाची उकळली नाही ते सांगा.

शेतावरची_शेड:
खेड शिवापूरजवळ आमच्या चुलत्यांची पिठाची गिरणी होती, तीन वर्षं बंद आहे. पत्र्याचं छप्पर, कोबा, थ्री फेजचं मीटर अजून आहे. महिन्याला पाच हजार म्हणतात, लाइट बिल वेगळं. अडचण एकच. जातं काढलं पण त्याचे फाउंडेशन बोल्ट जमिनीतून वीतभर वर आहेत, ते कापावे लागतील. आणि उंदीर. गेली तीन वर्षं पीठ नाही, तरी त्यांची आशा सुटलेली नाही.

फॅब्रिकेशनवाला:
घ्या डोळे मिटून. फक्त वायरिंग उतरवून घरी न्या, नाहीतर उंदीर कुरतडतील. आणि लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करा, तोंडी ठेवू नका. चुलते चांगले असतात, चुलत्यांची मुलं कशी निघतील सांगता येत नाही.

शेतावरची_शेड:
चुलत्यांचा मुलगा इथे वाचतोय.

गंजलेला_बोल्ट:
पत्र्याचं काम पावसाआधी उरका, रंग पाऊस संपल्यावर. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट मारला की पांढरट पडतो.

रिकामा_पाना:
शेतावरची_शेड, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. रविवारी जाऊन जागा पाहिली. बोल्ट आठ आहेत, कापायला माझाच ग्राइंडर. चुलत्यांनी चहा पाजला आणि "फियाट का, मग या" म्हणाले. जागा नक्की! शनिवारी गाडी टो करून नेतो. सर्वांचे आभार. दोन पाने नवीन घेतोय, एक चोरीसाठी.

गंजलेला_बोल्ट:
अभिनंदन. पण माझ्या एका प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. गाडी ढकलली जाते का?

रिकामा_पाना:
हो, तेच लिहिणार होतो. आज आम्ही चौघांनी ढकलली, हलली नाही. मागची दोन्ही चाकं जाम आहेत. बाबांनी गाडी शेवटची लावली तेव्हा हँडब्रेक ओढून ठेवला होता, म्हणजे अकरा वर्षं. ड्रम कसे सोडवायचे? शनिवारपर्यंत हवं आहे. लवकर सांगा.

गंजलेला_बोल्ट:
चाक काढा, हँडब्रेकची वायर खालून सैल करा, ब्रेक सिलिंडरचा ब्लीड निपल (ऑइल सोडायची छोटी तोटी) उघडून प्रेशर सोडा. मग ड्रमच्या कडेने गोल फिरत लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मारत राहा. रोज गंज सोडवायचं तेल.

डिझेल_दादा:
डिझेल ओता.

स्पष्टवक्ता_६१:
मेकॅनिककडे द्या.