वेळ अमावस्येची भज्जी एकाच दिवसापुरती का?

गोदाकाठ: लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येच्या, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या सणाच्या भज्जीत (मिश्र भाजीत) तूर-हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, मेथी, चिंच, डाळीचं पीठ पडतं. सोबत बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे) आणि आंबील. एरवी आपलं भागतं पोळी, बटाटा, पोह्यांवर. हृदयाचं दुखणं वाढण्यात या आकसलेल्या ताटाचा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे. धान्या-भाज्यांतला चोथा, म्हणजे तंतू, आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार होतं आणि मोठ्या आतड्याचं अस्तर मुख्यतः त्यावर पोसलं जातं. काही तंतू पित्ताम्लं (चरबी पचवायला यकृत बनवतं ती आम्लं) धरून शौचावाटे बाहेर नेतात. मग नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उतरतं. उलट मटणातल्या कार्निटिन या घटकापासून जिवाणू टीएमए नावाचं रसायन करतात, यकृत त्याचं टीएमएओ बनवतं, आणि रक्तात टीएमएओ जास्त असण्याचा संबंध हृदयविकाराशी आढळला आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे संशोधक हेझन यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं, की शाकाहारी लोकांना कार्निटिन देऊनही टीएमएओ फारच कमी बनलं.

बालाघाट: मटणावर खापर फोडू नका. कितीतरी मासळीनं टीएमएओ मटणापेक्षा जास्त वाढतं, तरी मासे हृदयाला चांगलेच मानले जातात. मूत्रपिंड कमजोर असलं तरीही ते वाढतं. आमच्या गावात मटण सणावारी शिजतं, तळण आणि तंबाखू मात्र रोजची. त्यावर बोला! शिवाय बी१२ जीवनसत्त्व वनस्पतींत नाही. ते कमी पडलं की रक्तातलं होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल चढतं, आणि त्याचाही संबंध हृदयविकाराशी आढळला आहे.

गोदाकाठ: बी१२ चं मान्य. दूध-दही, अंडी ठेवा, गरज असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. मी मटण बंद करा म्हणत नाही, ताटात डाळी-भाज्यांचे प्रकार वाढवा म्हणतोय.

काळी माती: नुसत्या चोथ्यानं तरी काय होतं? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ च्या प्रयोगात ३६ जण होते. दही किंवा केफिर (आंबवलेलं दूध) असं आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंचे प्रकार वाढले, भरपूर तंतू खाणाऱ्यांत वाढले नाहीत.

गोदाकाठ: तो आहार दहाच आठवड्यांचा होता, आणि तंतूंचं काम प्रकार वाढवण्यापुरतं नाही, एलडीएल उतरतं ते वेगळंच. आणि आंबवलेलं तर आपल्याकडं आहेच. आंबील गार झाल्यावर ताक घाला, म्हणजे त्यातले जिवाणू जिवंत राहतात. उकळत्या आंबिलीत घातलं तर मरतात.

चुलीजवळची: तुम्ही पुरुष मंडळी प्रकार मोजताय. चैत्र-वैशाखात आमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं येतं, पालेभाजी कुठून आणू? रेशनवर गहू-तांदूळ, ज्वारी विकत. भाकरी थापायची बाईनंच. अचानक चोथा वाढवला की पोट फुगतं ते वेगळंच, म्हणून हळूहळू वाढवावा. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला खुडून सावलीत वाळवून ठेवला, तर उन्हाळाभर त्याची भाजी होते. जवस, कारळाची चटणी वर्षभर टिकवता येते. पण पाला खुडायला आणि वाळवायला घरातल्या बाकीच्यांनीही हात लावला पाहिजे.